कोऱ्या पिठाची खोली

फुलपाड्यातल्या त्या फ्लॅटची बेडरूम कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची होती. वसुंधरा दाराजवळ चटई टाकून पडायची, हाक आली की उठायची. सासूबाई गेल्या आणि लेक अश्लेषा म्हणाली, "मम्मी, आता तू झोपायचं. फक्त झोपायचं. खोली मी करून देते."

तिने खरंच करून दिली. भिंतींना फिकट निळा रंग, जाड पडदे, मंद दिवा. औषधांचं कपाट गेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली पंपाची हवेची गादी आधीच परत गेली होती.

"हॉटेलसारखी झाली की नाही?"

"झाली गं," वसुंधरा म्हणाली, आणि उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन पडली.

कारण एका दुपारी ती आत पडून बघून आली होती. पडद्यांनी खालच्या रिक्षा गप्प केल्या, आणि त्या शांततेत परत गेलेल्या गादीचा पंप घरघरू लागला.

"वरच्यांचं वॉशिंग मशीन असेल," तिचा नवरा जयवंत म्हणाला.

"अहो, तुम्ही तर बोलूच नका!"

घोळ जयवंतनेच घातला होता. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेलं त्या जागी दहाव्याला तांदळाचं पीठ पसरून टोपली झाकायची. सकाळी पिठावर ठसा दिसतो. पक्ष्याचा, गाईचा, बाळाच्या पावलाचा. गेलेल्याला कुठला जन्म मिळाला ते त्यावरून कळतं. सासूबाईंच्या वेळी सगळे वाकले, कणकवलीहून आलेल्या काकांनी टोपली उचलली, आणि नेमकं तेव्हाच घामाघूम जयवंतने सवयीने पंख्याचं बटण दाबलं. पीठ खोलीभर! काका शिंकत म्हणाले, "आता वयनी खंय गेली, ता कोण सांगतलो?"

ते वसुंधराच्या मनात रुतून बसलं. कुठंच गेल्या नसतील तर?

शेवटी अश्लेषा कामावर गेल्यावर तिने स्वतःच पीठ चाळलं, पलंग सरकवून पसरलं, टोपली झाकली.

"अगं, हे भर दुपारी करतात का?"

"आईंना दुपार काय नि रात्र काय, कधी झोप होती? तुम्ही बटणापासून लांब उभे राहा."

दिवेलागणीला तिने टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. कोरं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

"म्हणजे?" जयवंत पिठावर वाकला.

"म्हणजे इथंच आहेत."

"मग कुलूप घालू या खोलीला. तुला सोफाच बरा."

जिला वसुंधराने कधी घटकाभर एकटं सोडलं नाही, तिला कोंडायचं? तिने पीठ भरलं, पलंग जागेवर लावला, आणि भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून कडेला आडवी झाली.

पंप घरघरत होता.

"आई, मी इथंच आहे," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "कुठं जात नाही. पण आता मलाही झोपू द्या."

घरघर थांबली. पाठीमागची गादी हळूच दबली. वसुंधराने वळून पाहिलं नाही. तिचे डोळे मिटत आले होते.