बाहेरच्या बाजूच्या भेगा

पहिली भेग मला सौंसरला, आमच्या कॉलेजच्या आवारात दिसली. मे महिना होता. परीक्षेचं काम आटोपून मी गाडीपाशी आले, किल्ली हातातून निसटली आणि ती उचलायला वाकले तेव्हा पुढच्या चाकाचा टायर अगदी डोळ्यांसमोर आला. रबरावर केसासारखी बारीक रेघ होती. नखानं दाबली तर ती उघडली. तिच्या शेजारी दुसरी होती, मग तिसरी. भर दुपारी मी वाकून वाकून गाडीभोवती फिरले. चारही टायर चिरलेले होते आणि ते बसवून जेमतेम आठ महिने झाले होते.

मी सौंसरला भौतिकशास्त्र शिकवते आणि राहते पांढुर्ण्याला. बरीच वर्षं बसनं येणंजाणं केलं. मग एका बदली झालेल्या अधिकाऱ्याची लहानशी पण दणकट इंजिनाची गाडी विकायला निघाली आणि मी ती घेतली. घरात कुणालाच ती पसंत नव्हती. नवऱ्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. त्याला पाठीमागे चार खोकी मावतील अशी गाडी हवी होती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते एकदाच बोलले, "कॉलेजातच जायचं आहे न? मंग शर्यतीची गाडी कायले?" त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही आणि तिच्यात कधी बसलेही नाहीत.

जुने टायर झिजले तेव्हा नवे घ्यायला मी नवऱ्याला घेऊन नागपूरला गेले. दुकानदार वयस्कर होता. मी विचारत होते आणि तो उत्तरं नवऱ्याला देत होता. "साहेब, तुमच्या भागात हे कडक रबरवालं घ्या. ऊन सोसते, लवकर झिजत नाही." मी म्हटलं, "गाडी मी चालवते. मला मऊ रबराचं हवं, रस्ता धरून ठेवणारं. रुंद आणि बुटक्या बाजूचं." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, ते भारी आहे, पण नाजूक आहे." नाजूक हा शब्द माझ्या असा काही डोक्यात गेला की मी पुढचं काही ऐकलंच नाही. तेच घेतले.

आणि खरं सांगायचं तर ते टायर सुंदर होते. सौंसरच्या रस्त्यावर एका नाल्याच्या पुलाआधी एक वाकडं वळण आहे. जुन्या टायरांवर तिथं गाडी बाहेर सरकायला बघायची. नव्यांवर ती जमिनीला चिकटल्यासारखी वळायची. घर्षणाचा धडा वर्गात मी इतक्या वर्षांत इतक्या आनंदानं शिकवला नव्हता. त्या वळणाच्या दोन सेकंदांसाठी मी सकाळी लवकर निघायचे.

म्हणूनच त्या भेगा मला रबरावरच्या वाटल्या नाहीत. माझ्या हट्टावरच कुणी रेघा ओढल्या आहेत असं वाटलं. घरी आल्यावर नवऱ्याला दाखवलं. त्यानं टायर बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तो सांगून राहिला होता न तेव्हा." एवढंच. मी तडक दुकानदाराला फोन लावला. जुना पडून राहिलेला माल मला गळ्यात मारला, बाई दिसली म्हणून फसवलं, असं काय काय बोलले. तो मध्ये मध्ये "मॅडम, ऐका तर" म्हणत होता. मी ऐकलं नाही. शेवटी तो म्हणाला, "टायरच्या बाजूवर चार आकडे आहेत, लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. पाहून घ्या, मंग बोला."

मी मोबाईलचा दिवा लावून अंगणात बसले आणि चारही चाकांवरचे आकडे वाचले. टायर बनल्यानंतर दोनच महिन्यांनी मी ते घेतले होते. माल ताजा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग कुठं ठेवावा ते कळेना.

पुढचे आठ-दहा दिवस मी धड कुठंच नव्हते. सकाळी चहा घ्यायच्या आधी भेगा बघायच्या. कॉलेजात पोचल्यावर बघायच्या. काल ही रेघ टायरवरच्या अक्षरापर्यंत होती, आज पुढं गेली का? हवा कमी आहे का, जास्त आहे का, म्हणून पेट्रोल पंपावर रोज मोजून घ्यायची. वळणाशी मी गाडी इतकी हळू करायचे की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून भंडावून सोडायचे. टायर बाजूनं चिरला की वेगात फुटू शकतो हे मला कळत होतं, आणि तरी मी रोज तीच गाडी घेऊन निघत होते, कारण बसनं गेले असते तर घरात सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं.

शेवटी एका दुपारी सौंसरहून उलट्या दिशेला, लोधीखेड्याच्या रस्त्यावर निघाले. तिथं एक टायरवाले मिस्त्री आहेत. ट्रकचीच कामं जास्त करतात. त्यांनी काही न विचारता जॅक लावला, चाक काढलं आणि जमिनीवर आडवं टाकलं. आधी बाहेरची बाजू वर. मग उलटवून आतली. बराच वेळ दोन्ही बाजूंवरून हात फिरवत राहिले.

"मॅडम, इकडं या. ही आतली बाजू. एक तरी चीर दिसते का?"

नव्हती. आतली बाजू नव्यासारखी गुळगुळीत होती. दुसरं चाक काढलं. तेही तसंच.

"कंपनीचा दोष राहिला असता तर दोन्हीकडून चिरलं असतं न," मिस्त्री म्हणाले.

"ऊन बाहेरच्याच बाजूला लागतं," मी म्हटलं.

"गाडी कुठं उभी राहते?"

"घरी शेडखाली. कॉलेजात झाडाखाली."

"मंग उन्हानं चारही चाकं एकसारखी कशी चिरतीन?" त्यांनी टायरवरच्या उठावदार अक्षरांच्या फटीतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग ते बोट माझ्यापुढं धरलं. "घ्या वास. कोणी डिझेल लावून राहिलं याले. काळं चमकावं म्हणून लावतात लोक. रबरातलं तेल खेचून घेते ते. ट्रकचं कडक रबर काही दिवस सोसते. हे नरम. याले नाही सोसत."

डिझेल. माझी गाडी तर पेट्रोलवर चालते.

"आता ऐंशीच्या वर नेऊ नका," ते चाक परत बसवताना म्हणाले, "आणि लवकर बदला. हे काही भरून येत नाही."

पांढुर्ण्यापर्यंतचा रस्ता मी कसा पार केला आठवत नाही. फक्त एक आठवतं. दर रविवारी गाडी धुतलेली असायची आणि टायर काळेभोर, ओलसर चमकत असायचे. मामाजी सकाळी नळी लावून गाडीवर पाणी मारतात हे मला माहीत होतं. टायरची चमक पाहून मला वाटायचं, चांगल्या रबराचा गुण असा असतो.

मामाजींनी सारी हयात तिगावजवळच्या मळ्यातून पांढुर्ण्याच्या मंडीत संत्री नेण्यात घालवली. स्वतःची जीप होती. तिच्या टायरांना दर आठवड्याला डिझेलचं फडकं मारल्याशिवाय ती रस्त्यावर निघत नसे, हे सासूबाईंनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांले सांगू नको. नवे टायर टाकू आणि डिझेलचा डबा आपण लपवून ठेवू."

"म्हणजे त्यांना कळणारच नाही?"

"त्यांले वाईट वाटीन. त्यांनी तुझ्या गाडीसाठी केलं न."

माझ्या गाडीसाठी. ते मला तोवर सुचलंच नव्हतं. इतके दिवस ज्या माणसाला माझी गाडी आवडत नाही असं मी धरून चालले होते, तो दर रविवारी गुडघे दुखत असताना तिच्या चारही चाकांपाशी बसत होता.

मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी जमेना. जेवायला वाढताना, कुठलीही वेळ न साधता, बोलून गेले. "मामाजी, टायरला डिझेल लावू नका. त्यानंच चिरले ते." माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "काय म्हणतं?" मी पुन्हा सांगितलं, मिस्त्रींनी काय दाखवलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या जीपले तर काही झालं नाही." मग हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते तिगावला मळ्यात निघून गेले. तिथं एक खोली आहे, राहायची सोय आहे. चार दिवस झाले, सहा झाले. फोन केला की म्हणायचे, "झाडांले पाणी देऊन राहिलो."

घरात कुणी मला काही बोललं नाही आणि त्यानं मी आणखी सैरभैर झाले. रविवारी गाडी धुळीनं माखलेली तशीच उभी होती. मी किल्ली घेतली आणि हळूहळू, सांभाळत, तिगावला गेले.

मामाजी संत्र्याच्या आळ्यात उभे होते, पायजमा वर खोवलेला. गाडी पाहून ते माझ्याकडं आलेच नाहीत, सरळ टायरकडं गेले. वाकले आणि अंगठ्यानं एक भेग दाबली.

"याच चाकांवर आली? एवढ्या दूर?"

"हळू आले."

"काही झालं असतं मंग?" त्यांनी पुढच्या भेगेवर अंगठा ठेवला. "मी कधी विचार केला नाही पोरी. चमकते तर चांगलं राहीन, एवढंच वाटलं. तू रोज जाते, रस्त्यात लोक पाहतात. गाडी चांगली दिसली पाहिजे न."

मी म्हटलं, "मी तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. आणि दुकानदारालाही मी वाट्टेल तसं बोलले. पुढच्या रविवारी टायर घ्यायला जायचं आहे. तुम्ही चला."

"मले काय समजते त्याच्यातलं?"

"मला तरी कुठं समजत होतं?"

ते हसले नाहीत, पण पायजमा खाली सोडला आणि पिशवी आणायला खोलीत गेले.

नागपूरच्या दुकानात मी आधी माफी मागितली. दुकानदारानं हात हलवून ती उडवून लावली, जणू असे फोन त्याला रोज येतात. मामाजींनी त्याला इतके प्रश्न विचारले की मला संधीच मिळेना. उन्हात कोणतं टिकते? उभ्या गाडीत हवा किती ठेवायची? धुवायचं कशानं? नुसत्या पाण्यानं? साबण चालते का? दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, मऊच द्यायचे का परत?" मला ते वळण आठवत होतं. पण मामाजींचे डोळे माझ्यावर होते आणि मला दिसलं की मी जे निवडीन ते त्यांना मान्य असणार आहे. मी मधलं घेतलं. रुंदी तीच, रबर जरा कडक. चौकटीतले आकडे मी वाचले, मग चष्मा लावून मामाजींनी वाचले.

तिगावहून येताना आणि नागपूरला जाताना मामाजी मागच्या सीटवर बसले होते; परत येताना पहिल्यांदाच ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. दुकानदारानं बजावलं होतं, नवे टायर आहेत, सुरुवातीला जोर देऊ नका. मी साठवर गाडी धरून ठेवली. ट्रक, बस, मोटरसायकलवरचा एक दूधवालासुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. माझा पाय सारखा शिवशिवत होता. मामाजी थोडा वेळ रस्ता बघत होते, मग त्यांनी जीपची गोष्ट काढली. एकदा संत्री भरलेली असताना पुढचा टायर फुटला होता आणि ते शेतात जाऊन थांबले होते, त्या दिवशी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. "आजच सांगून राहिलो," ते म्हणाले. त्यानंतर खिडकीच्या काचेला डोकं टेकून त्यांना झोप लागली. मी आरसा बघितला, मागं कोणी नव्हतं. गाडी तशीच साठवर ठेवली.