फळ्यावरच्या दोन टिकल्या

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेबाहेर चलथाणला, उसाच्या ट्रॅक्टरमागे रिक्षात अडकले होते. तिची शेजारीण एवढंच म्हणाली, "मुलांना शिकवता शिकवता जरा बसते म्हणाल्या, आणि..." कोसाडला ताईच्या घरी पोचले तर ओट्यावर पोरांच्या चपला तशाच पडलेल्या आणि आत फळ्यावर गणित अर्धं. उणे ७.२ भागिले उणे ०.९. दोन्ही उणे चिन्हांवर एकेक लाल टिकली.

ही माझ्या बहिणीची शिकवण्याची तऱ्हा. धुळ्याहून लग्न होऊन सुरतेत आली. गल्लीतल्या बायका दुपारभर साड्यांना खडे चिकटवायच्या आणि ही त्यांच्या पोरांना गणित शिकवायची. ऋण संख्या, त्यात पुन्हा दशांश, म्हटल्यावर पोरं रडकुंडीला यायची. मग ताई टिकल्यांचं पाकीट काढायची. "चिन्हं झाक. पॉइंट दोन्हीकडे एकेक घर सरकव. राहिलं काय? बहात्तर भागिले नऊ. याला भितेस होय गं?" भागाकार झाला की टिकल्या उचलायच्या. दोन्हींखाली उणे निघालं तर उत्तर धन, एकीखालीच निघालं तर ऋण. ज्योती नावाची एक पोरगी तर शाळेच्या परीक्षेला टिकल्या घेऊन गेली, पेपरात एक चिकटवली आणि उचलायलाच विसरली. उत्तरातलं उणे लिहायचं राहिलं, मार्क गेला. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "कपाळावरची राहू दे माय, पेपरातली उचलत जा."

तिचं ते हसणं कानात आहे अजून. रोज संध्याकाळी फोन करून "जेवलीस का" विचारणारं आता कोणी नाही. मला ती हवी आहे, बस्स... दुसरं काही सुचत नाही.

दर रविवारी मी कोसाडला जाते, पोरांना शिकवते. पहिल्याच दिवशी ज्योतीने फळ्यावरच्या त्या अर्ध्या गणिताकडे बोट दाखवत विचारलं, "मावशी, हा दाखलो पूरो करू?" मी म्हटलं, राहू दे. तेव्हापासून फळ्याचा तो कोपरा सोडूनच आम्ही लिहितो.

परवा खडूच्या धुळीने एक टिकली सुटून खाली पडली. ज्योतीने ती उचलली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघरातून भाताचं शीत आणलं, टिकली होती तिथेच परत चिकटवली. उत्तर आठ येतं. सगळ्या पोरांना ठाऊक आहे. लिहीत कोणीच नाही.