नानांच्या पत्र्यावरची एकच दांडी

मंडळी, सकाळपासून एकटीच हसतेय. तुम्हीपण ऐका.

आमच्या शेजारचे नाना जुने बोर्ड पेंटर. शिरोलीच्या निम्म्या ट्रकांवरची अक्षरं त्यांच्या हातची. त्या अक्षरांचा मी फॉन्ट करतेय, पण फाइल झाली जड. ती हलकी करायला एक प्रोग्राम असतो. अक्षरांत पुन्हा पुन्हा येणारा आकार तो आपला आपण शोधतो, एकदाच साठवतो आणि बाकी ठिकाणी नुसती खूण ठेवतो.

नानांच्या अक्षरांत त्याला काहीच सापडेना. ‘प’ची उभी दांडी वेगळी, ‘म’ची वेगळी, ‘स’च्या दांडीला तर पोट सुटलेलं.

मग परवा नानांना सगळं समजावलं आणि म्हटलं, “दांडी सगळीकडं एकसारखी काढून द्या.”

“व्हय की,” म्हणाले.

आज पत्रा रंगवून आणला. डावीकडं एकच दांडी, एकदम देखणी. पुढं सगळी अक्षरं बिनदांडीची, आणि दांडीच्या जागी खडूनं फुल्या.

“नाना, हे काय?”

“एकदा काढलीया की. तुझा प्रोग्राम एकदाच ठेवतोय, मग मी धा-धा येळा कशाला काढू?”

माणसानं प्रोग्रामचं काम हातानं करून आणलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातली सही दिसली, ‘नाना पेंटर’. पाचही दांड्या जागेवर, आणि पाचही वेगवेगळ्या.

“इथं फुल्या का नाहीत?”

“ते माझं नाव हाय, पोरी. तितं काटकसर न्हाय.”

फुल्यांच्या जागी ती एकच दांडी बसवली तशी फाइल हलकी झाली, पण सही तशीच्या तशी फॉन्टमध्ये घातलीय. फाइल पुन्हा जड झाली. तुम्ही ती सही काढून टाकली असती?