ईस्टरला उठतील

मंजूषा रणपिसेला चर्चमध्ये कुणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांची ती ‘टीचर’. खरं सांगायचं तर शाळेत तिनं आयुष्यात एक तास घेतलेला नाही. नोकरी केली ती टी. टी. नगरातल्या एका सरकारी कचेरीत, टपालावर शिक्के मारायची, आणि तिथूनच निवृत्त झाली. पण रविवारी मराठी उपासनेच्या आधी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची शब्बाथ शाळा भरते ना, ती तिची. वडील नागपूरहून सरकारी दप्तरांबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून रणपिसे ह्याच मंडळीत. लग्न केलं नाही. मंडळीतली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे मंडळीचा कारभार बघणारा टक्कल पडलेला पंचसुद्धा तिच्यासमोर खिशातला हात बाहेर काढून उभा राहतो.

आणि ईस्टर जवळ आला की बाईच्या अंगात वारं शिरतं. अशोका गार्डनच्या दुकानदारांना तर हे तोंडपाठ झालंय. मार्च लागला की टीचर येणार आणि फ्रिजचं रिकामं खोकं मागणार. त्या खोक्याची कबर करायची. रद्दी आणि खळ ह्यांचा भला मोठा धोंडा करायचा, त्याला राखाडी रंग द्यायचा, तो कबरीच्या तोंडाशी लावायचा आणि ईस्टरच्या सकाळी मुलांनी तो ढकलायचा. पळस फुलला की मुलांना घेऊन फुलं गोळा करायची, उकळायची आणि त्या पाण्यात अंडी पिवळी करायची. कांद्याच्या सालांत तांबडी, बिटाच्या पाण्यात गुलाबी. मुलांचे हात रंगलेले, आयांची कटकट चाललेली, आणि टीचर आपली खूश. धोंडा सरकला आणि आत कुणी नव्हतं, हे नुसतं सांगून पोरांना काय कळतंय डोंबल, असं ती म्हणायची. हातानं ढकलला की कळतं.

ह्या वर्षी तिनं खोकं आणलं, फुलं उकळली, सगळं केलं. पण दीप्ती समोर आली की ती दुसरीकडे बघायची.

दीप्ती उजगरे म्हणजे पहिलीतली, दोन शेंड्या घालणारी पोर. तिचा बाप प्रतीक हा टीचरचा जुना विद्यार्थी. लहानपणी धोंडा ढकलता ढकलता धोंड्यासकट खोक्यात पडलेला आणि त्यानं सगळ्या चर्चला हसवलेलं. मोठा झाला, कारखान्यात टेक्निशियन झाला, तरी दर ईस्टरला टीचरचं खोकं सायकलवर, मग स्कूटरवर, त्यानंच आणून टाकायचं. तो जानेवारीत गेला. थंडीच्या सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

कबरस्थानात पेटी खाली सोडायची वेळ आली तेव्हा दीप्तीनं पेटीची कडी धरली. सोडेना. अशी किंचाळत होती की दोर धरलेली माणसं तशीच थांबली. तिची आई श्रुती, तिला दोघींनी धरून ठेवलेलं, तिला कशाची शुद्ध नव्हती. पाळकसाहेब प्रार्थना थांबवून उभे राहिले. तेव्हा टीचर पुढे झाली, मातीतच गुडघे टेकले आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

“प्रभू उठला ना, दीपू? तसेच पप्पाही उठणार.”

“कधी?” पोरीनं विचारलं.

आता ह्याचं उत्तर टीचरला झोपेतही देता आलं असतं. शेवटल्या दिवशी. किती मुलांना तिनं ते शिकवलं होतं. पण समोर खड्डा, दोर ताणलेले, पोरीची बोटं कडीवर पांढरी पडलेली. जीभ घसरली.

“ईस्टरला,” ती म्हणाली.

बोटं सुटली. पेटी खाली गेली. नंतर चहाच्या वेळी बायका तिला म्हणाल्या, टीचर, तुम्ही होता म्हणून निभावलं, पोरीला काय सांगितलंत कुणास ठाऊक. आणि टीचरला बरं वाटलं. हे तिला पुढे सगळ्यात जास्त जाळत राहिलं, की त्या वेळी तिला बरं वाटलं होतं.

दीप्ती त्यानंतर रडली नाही. शाळेत गेली, खेळली, जेवली. किती शहाणी पोर, असं जो तो म्हणे. टीचरलाही वाटलं, विसरली असेल. लहान मुलं विसरतात, असं आपण म्हणतो, कारण आपल्याला तसं म्हणणं सोयीचं असतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटल्यावर श्रुती मागच्या खोलीत आली. टीचर अंडी वाळत घालत होती. श्रुतीनं दार लोटून घेतलं.

“टीचर, तुम्ही दीपूला काय सांगितलंय?”

टीचरच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

“पप्पा ईस्टरला येणार म्हणते. उशीला नवा अभ्रा घालून ठेवलाय. माझ्याजवळ झोपत नाही आता, ती पप्पांची जागा आहे म्हणते. मी समजावलं, रागावले, एकदा तर मारलंसुद्धा. म्हणते, मम्मी, तुला नाही मालूम, टीचर झूठ नाही बोलत.” श्रुतीचा आवाज एकदम बारीक झाला. “माझं एकटीचं तिला ते गेल्याचं सांगून झालंय हो एकदा. मी परत नाही सांगू शकत. तुम्ही सांगा. ईस्टरच्या आधी.”

“सांगते,” टीचर म्हणाली. “मीच सांगते, श्रुती.”

बुधवारी ती त्यांच्या घरी गेली. रेल्वे लाईनच्या बाजूला दोन खोल्या. वाटेत सगळे शब्द जुळवून ठेवले होते तिनं. गाडी धडधडत गेली की बोलणं थांबायचं, गाडी गेली की पुन्हा सुरू, असं त्या घरात चालायचं. दीप्तीनं तिचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाट दाखवलं. पप्पांचे शर्ट तिनं स्वतः घड्या करून ठेवले होते, वेड्यावाकड्या.

“थंडी के कपडे नीचे ठेवले,” ती म्हणाली. “आता गर्मी आहे ना. पप्पा गेले तेव्हा स्वेटर घातला होता. त्यांना गर्मी होईल उठल्यावर.”

टीचरनं तोंड उघडलं. “दीपू, बेटा, इकडे बस. मी तुला त्या दिवशी जे...” तेवढ्यात गाडी आली. खिडकीची तावदानं वाजायला लागली. पोर टीचरकडे बघत थांबली, गाडी जायची वाट बघत, चेहरा असा मोकळा की त्यावर काहीही लिहावं. गाडी गेली. टीचर म्हणाली, “घड्या छान घातल्यास हं.”

मग ती चहा पिऊन घरी आली. आता काय म्हणावं ह्या बाईला. दारातून निघताना श्रुतीनं फक्त तिच्याकडे पाहिलं आणि टीचरनं मान खाली घातली.

गुरुवारी तिनं पाळकसाहेबांना गाठलं. ते उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या तयारीत, पण त्यांनी ऐकून घेतलं.

“तुम्ही खोटं तर बोलला नाहीत, टीचर,” ते म्हणाले. “पुनरुत्थान आहेच. फक्त वेळ चुकली. तिला सांगा, शेवटल्या दिवशी.”

“पाळकसाहेब, सहा वर्षांच्या पोरीला शेवटला दिवस कुठं दाखवू? ती कॅलेंडर आणून समोर धरेल.”

पाळकसाहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “मग पहाटे तिला कबरस्थानात आणूच नका. सरळ चर्चमध्ये आणा. हळूहळू समजेल.”

आपल्या मंडळीची रीतच आहे ती. ईस्टरला उजाडायच्या आधी सगळे कबरस्थानात जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात, आणि सूर्य वर आला की गाणं म्हणतात. त्या आठवड्यात कबरींना चुना लागतो. प्रतीकच्या कबरीवर तर श्रुतीच्या भावानं सिमेंटची लादीही बसवून घेतली होती. दीप्तीला नेऊ नये हे बोलायला सोपं होतं. ती शुक्रवारपासून श्रुतीला बजावत होती की मला उठवायला विसरू नकोस.

शनिवारी मुलांची शेवटची तालीम झाली. धोंडा ढकलला गेला, पोरं खोक्यात डोकावून “आत कुणी नाही” म्हणून ओरडली. सगळी गेल्यावर दीप्ती मागे राहिली. धोंड्यावर बोट फिरवत होती.

“टीचर, हा कागजचा आहे म्हणून सरकतो. पप्पांच्या वरती सिमेंट लावलंय मामानं. ते कोण सरकवणार?”

ही वेळ होती. ह्याहून चांगली वेळ येणार नव्हती, हे टीचरला कळत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, बाहेर कडुनिंबाखाली श्रुती उभी होती, खिडकीतून दिसत होती. तिला वाटलं, सांगितलं की ही पोर माझ्यापासून तुटणार, ह्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. तिला प्रतीक आठवला, ह्याच फरशीवर मांडी घालून बसायचा. आणि तिला स्वतःची किळस आली, की आत्ताही मी माझाच विचार करतेय.

“उद्या बघू,” ती म्हणाली.

“उद्या बघू,” दीप्ती खुशीत म्हणाली आणि पळाली.

ती रात्र टीचरनं कशी काढली ते तिलाच माहीत. पहाटे ती सगळ्यांच्या आधी कबरस्थानात जाऊन उभी राहिली, प्रतीकच्या कबरीपाशी. पोर लादीपाशी पोचायच्या आधीच तिला गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. पण अंधारात माणसं येत गेली, जो तो “सलाम, टीचर” म्हणत हात धरायचा, आणि एवढ्यात दीप्ती आईचा हात सोडून धावत आलीसुद्धा. सणाचा पिवळा फ्रॉक, केस ओले, विंचरलेले. ती लादीपाशी वाकली आणि तिनं कान लावला. मग सरळ झाली आणि दोन्ही हातांनी लादी ढकलायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आजूबाजूच्या मेणबत्त्या लावणारे हात एकेक करून थांबले. पोर पाय रोवून ढकलत होती, दात आवळून, तोंडातून आवाज न काढता.

“टीचर, मदत करा ना,” ती म्हणाली. “जोर लगेगा.”

टीचर तिच्याजवळ खाली बसली. पोरीचे हात तिनं लादीवरून काढले आणि आपल्या हातांत धरले. तळवे सिमेंटनं सोलवटले होते.

“दीपू, पप्पा आज उठणार नाहीत.”

“मग?”

“आज नाही. पुढच्या ईस्टरलाही नाही. मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं. तू किंचाळत होतीस आणि मला ते बघवेना, म्हणून मी खोटं सांगितलं.”

पोर तिच्याकडे बघत राहिली. तिच्या मागे पूर्वेला आकाश पांढरं होत होतं आणि ढोलकीवाला ढोलकी मांडीत घेऊन तसाच बसला होता.

“येशूचं पण खोटं?” दीप्तीनं विचारलं.

सगळी मंडळी ऐकत होती. पाळकसाहेबही.

“ते खोटं नाही.”

“तुम्हीच सांगितलं ते पण.”

आयुष्यभर जे शिकवलं ते सगळं पोरीनं एका वाक्यात तिच्या पदरात परत टाकलं होतं, आणि ते उचलून पुन्हा तिच्या हातात देण्याइतकी आपली पत आता राहिलेली नाही, हे टीचरला लख्ख दिसलं. तिनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

श्रुती येऊन पलीकडे बसली. तिनं लेकीला जवळ ओढलं, पण दीप्तीनं टीचरच्या हातातले हात काढले नाहीत. तिला अजून विचारायचं होतं, आणि विचारायला तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

“म्हणजे पप्पा इथंच राहणार?”

“हो, बेटा.”

“रोज?”

“रोज.”

“आणि आपण घरी जायचं?”

श्रुतीच्या तोंडून हुंदका फुटला. टीचरला वाटलं, ह्याचं उत्तर देण्यापेक्षा ह्या मातीत जाणं सोपं. पण पोर वाट बघत होती.

“हो,” टीचर म्हणाली. “आपण घरी जायचं.”

मग दीप्ती रडली. जानेवारीतलं सगळं, तसंच्या तसं, त्याच आवाजात. ऊन कबरींच्या चुन्यावर आलं तरी गाणं कुणी सुरू केलं नाही. चर्चमध्ये मुलं खोक्याभोवती टीचरची वाट बघत होती, तसा निरोपही आला. टीचर उठली नाही.