नेपाळ कुसुमने पाहिलं

परवा नातू आणि नातसून आपल्या गाडीने थेट नेपाळ करून अकोल्याला परत आले. मी तांब्या आणि परात घेऊन दारात बसलेच होते. नातसून दोन पावलं मागे सरली... आजी, तुम्ही माझे पाय धुणार?

तिला सांगितलं, यात्रेहून आलेल्याचे पाय घरी राहिलेल्याने धुवायचे असतात, त्यात वय बघत नाहीत. आणि या घरात नेपाळहून आलेले पाय मी काही पहिल्यांदा धूत नाहीये.

गोष्ट साठच्या दशकातली. माझ्या दिरांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. ती दारात उभी राहिली त्याच दिवशी सासूबाईंनी ठरवून टाकलं, महाशिवरात्रीला पशुपतिनाथ. परदेश असून पासपोर्ट लागत नाही, हे सासरे गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

सासू-सासरे, दीर आणि सोबत स्वयंपाकपाण्याला एक सून, असा बेत होता. मी थोरली, म्हणजे मीच जाणार असं धरून चालले होते. तोवरचा माझा सगळा प्रवास म्हणजे अकोला ते परतवाडा, माहेरची एसटी. तिकडे थंडी फार म्हणून वडिलांनी परतवाड्याहून लोकरीची शाल पाठवली होती. मी ती रोज पेटीतून काढून बघायचे.

अन् निघायच्या तोंडावर सासूबाई म्हणाल्या, कुसुम येईल.

कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि ही निघाली परदेशात.

सासूबाईंनी मला आत बोलावून कमरेचा किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "घर तुह्याच भरोशावर टाकून जाऊन राहिलो," म्हणाल्या. घरात कापूस भरलेला, शेतातून गहू यायचा होता... मी मान हलवली. वर असंही म्हणाल्या की ती शाल कुसुमला दे, अकोल्याच्या उन्हात तुला काय कामाची.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. जीप निघाली तेव्हा कुसुम मागच्या बाकावर माझी शाल पांघरून बसली होती, घामाघूम होत. देवा, हिला गाडी लागू दे, असं मी मनात म्हटलं.

मग दिवसभर डोक्यात एकच. आता काशी आली असेल... आता रक्सौल... आता घाट चढत असतील. कमरेला जुडगा खुळखुळायचा आणि मी घरभर आदळआपट करत फिरायचे. एकदा आमचे हे म्हणाले, "काहून भांड्यांवर राग काढून राहिली?" मी अजून एक पातेलं आपटलं.

ते परत आले तेव्हा बघायला अख्खी गल्ली जमली होती. आणि परात घेऊन कोण बसणार? घरी राहिलेली मी. सासूबाई झाल्या, सासरे झाले, दीर झाले. त्यांचे पाय धुताना मला काही वाटलं नाही, पण मग कुसुम येऊन उभी राहिली. मी थोरली, आणि तिच्या पायाशी खाली बसलेली.

कोमट पाणी नेमकं तिच्या वेळी संपलं... म्हणजे मी संपवलं. रांजणातलं गार पाणी घेऊन मी तिचे पाय खसाखसा घासायला लागले. तिने पाय मागे घेतला नाही.

बायका सासूबाईंभोवती नेपाळ ऐकत होत्या. लुगडं सारखं करायच्या निमित्ताने कुसुम वाकली. मला ती बाई म्हणायची. माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, मले नेपाळ दाखवाले नाही नेलं. घरी ठेवाचा भरोसा नाही म्हून नेलं. हा जुडगा मले कधी भेटन?"

मी वर पाहिलं. तिचे डोळे माझ्या कमरेवर होते.

आणि ते खरंच होतं. आदल्या दिवाळीत ती धान्याची कोठी उघडी टाकून शेजारी गेली आणि गायीने आत शिरून तुरीची डाळ फस्त केली. तेव्हापासून सासूबाईंनी तिला एका कुलपाला हात लावू दिला नव्हता. म्हणजे मी इथे तिच्या प्रवासावर जळत होते, आणि ती सगळा घाटभर माझ्या किल्ल्यांवर...

मी उठले, चुलीवरून एक तांब्या गरम पाणी आणलं आणि तिचे पाय पुन्हा धुतले. गल्लीला वाटलं, नेपाळची तशी रीत असेल.

दुसऱ्या दिवशी जुडग्यातली कोठीची किल्ली काढून मी तिच्या पदराला बांधली. सासूबाईंनी बघितलं. "आता गाय शिरली त तुले जाब पुसीन," मला म्हणाल्या. पुन्हा गाय काही शिरली नाही.

पुढच्या यात्रेला मला न्यायचं कबूल झालं होतं, पण त्याआधीच जीप विकली गेली. माझं नेपाळ राहिलं ते राहिलंच. कुसुमने शाल परत केली नाही, आणि नेपाळ तर आयुष्यभर सोडलं नाही. थंडी पडली की "नेपाळात त..." आणि भात जरा चिकट झाला की "नेपाळात त..." दर वेळी माझ्या पोटात भडका उडायचा, आणि ते बघून तिला आनंद व्हायचा.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आता कोणी "नेपाळात त..." म्हणत नाही.

परवा नातसुनेचे पाय धुऊन पुसले, सगळे चहाला बसलो. कपावर फुंकर घालत ती म्हणाली, आजी, नेपाळमध्ये तर ना...

आणि पोटात तीच जुनी आग उठली. किती वर्षांनी... बरं वाटलं गं, कुसुम.