कढईत उकळलेलं लोहचुंबक

नरसी नामदेवच्या आमच्या पद्माबाईला स्वच्छतेची भारी हौस. हळद दळायची गिरणी तिची, पण दळण संपलं की ती अशी घासायची, जणू तिच्यातच पाहुण्यांना जेवायला वाढायचंय. अति तिथं माती म्हणतात, पण तिला सांगणार कोण?

गिरणीच्या तोंडाशी एक लोहचुंबक असतं. हळदीतून आलेले खिळे, तारांचे तुकडे ते धरून ठेवतं. यंदा त्यावर हळदीचा चिकट थर बसला, तर बाईनं ते काढून हळद शिजवायच्या कढईत, खळखळत्या पाण्यात टाकलं. लख्ख निघालं. खूश होऊन तिनं परत बसवलं आणि शेजारच्या खुर्शीदबीच्या लेकीच्या, मुन्नीच्या लग्नाची हळद दळली.

डब्यात भरताना बोटाला तार टोचली. तिनं चुंबकाला खिळा लावून पाहिला. एरवी उपटायला जोर लागायचा, आता बोटानं ढकलला की पडत होता. तिनं नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला.

"थंड झाल्यावर ताकद येईल ना परत?"

"न्हाई ताई. ह्या जातीचं चुंबक ऐंशी अंशांच्या वर तापलं की ताकद जाते. थंड झालं तरी येत न्हाई. गरमी सोसणारं वेगळं असते, उद्या पाठवतो."

हळद तर त्याच संध्याकाळी लागायची होती. पोरीच्या गालावर ओरखडा उठला असता तर? शेजारी मांडव घालत होतो, तिथूनच मी म्हणालो, "बाजारातली पुडी आणा अन् मोकळ्या व्हा."

"काहून? खुर्शीदबीनं घरच्या शेतातली हळद माझ्या भरवशावर दिली. तुमचा तो जळका स्पीकर कुठाय, भाऊ?"

मी मंडप-लाऊडस्पीकरवाला. त्या स्पीकरची कॉइल जळाली होती, पण मागचं चुंबक शाबूत होतं. ते तापायला इतकं भीत नाही. मी नको-नको म्हणेपर्यंत बाईनं हातोडीनं ते सुटं केलंसुद्धा! मग चादरीवर हळद पातळ पसरली, चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि वीत-वीत फिरवत राहिली. पिशवीला लोखंडाचे कण लागले की पुसायची, हळद हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. पाठ धरली, पण उठली नाही. पिशवी ओळीनं तीनदा कोरी निघाली, तेव्हाच तिनं डबा भरला.

संध्याकाळी मांडवात खुर्शीदबीला तिनं सगळं खरं सांगितलं. ते ऐकून त्या माउलीचा हात हळदीच्या वाटीवरच थबकला. आईच ती, थबकणारच.

पद्माबाईनं वाटीतली ओली हळद मूठभर घेतली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या गालांवर खसाखसा चोळली. "नवरा नसलेली बाई अन् हळद..." कुणी म्हातारी पुटपुटली. मला असा राग आला! बाईनं तोंड धुतलं आणि मुन्नीपुढं गाल केला. "बघ माय, वरखडलं का कुठं?"

मुन्नीनं दोन्ही गालांवरून हात फिरवला. मग आईच्या हातातली वाटी घेऊन पद्माबाईपुढं धरली.

"मावशी, पैला हात तुमीच लावा."