वाहुळे बाई आणि फाल्गुनातलं आभाळ

रत्नमाला वाहुळे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहायला संपादकांची हरकत नसावी असं मी गृहीत धरतो, आणि असली तरी आता उशीर झाला आहे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंभार पिंपळगाव आज जालना जिल्ह्यात मोडतं, तेव्हा आमचा जिल्हा औरंगाबाद होता. तिथल्या हायस्कुलात मी गणित शिकवत होतो. एकदा आठवीच्या वर्गावर भूमिती चालू असताना नव्यानं रुजू झालेल्या भूगोलाच्या बाई दारात आल्या, "सर, एक मिनिट," म्हणाल्या, सरळ वर्ग ओलांडून वायव्येकडची खिडकी उघडली, डोकं बाहेर काढून आभाळ पाहिलं आणि तशाच चालत्या झाल्या. त्या दिशेला उघडणारी खिडकी शाळेत तेवढी एकच होती. मधल्या सुट्टीत मी त्यांना चांगलं सुनावलं. माझं बोलणं चालू असतानाच त्या उठून अंगणात वारा पाहून आल्या. मी हात टेकले आणि दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी उघडीच ठेवू लागलो.

स्वस्थ बसणं हा प्रकार बाईंना ठाऊक नाही. परीक्षेत पहारा करताना त्या फेऱ्या मारत आणि मुलांपेक्षा आम्हालाच धडकी भरे. पण शिकवायला लागल्या की त्या अस्वस्थपणाचं कारण कळायचं. प्रयोगशाळेतली काचेची पेटी घेऊन त्या मधोमध पत्रा उभा करत. एका बाजूला निळ्या शाईचं गार पाणी, दुसऱ्या बाजूला लाल शाईचं गरम. पत्रा उचलला की निळं पाणी तळाशी सरपटत जाई आणि लाल पाण्याला वर उचलून धरी. बाई सांगत, हवेचंही असंच आहे. उत्तरेकडून येणारी कोरडी, गार वायुराशी जड असते. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट, उबदार हवा हलकी असते. फाल्गुनात या दोघी आपल्या डोक्यावर भेटल्या की गार हवा खाली घुसते, उबदार हवा वर ढकलली जाते, तिच्यातली वाफ उंचावर गोठते आणि त्याच आपल्या गारा. दोन हवा भेटतात त्या सीमेला पुस्तकात आघाडी म्हणतात. पण पुस्तकातली आघाडी थंड देशातली, नकाशावर रेघ ओढावी तशी. आपल्याकडे ती जागोजाग विरलेली असते. कुठल्या गावावर काय होईल, हे सांगताना घाम फुटतो. हे वाक्य म्हणताना बाईंना खरोखर घाम फुटलेला मी पाहिला आहे.

तो घाम उगाच नव्हता. दुष्काळ नुकताच सरला होता आणि त्यानंतरचा पहिला भरलेला शाळू रानात उभा होता. त्या फाल्गुनात बाईंचा वायुभारमापक खाली उतरू लागला, वारा आग्नेयेकडून दमट येऊ लागला, आणि संध्याकाळच्या बातम्यांत उत्तरेला थंडीची लाट असल्याचं ऐकू आलं. बाईंनी सरपंचांना गाठून गारपिटीची शक्यता सांगितली. सरपंच उत्साही गृहस्थ, त्यांनी 'शक्यता' तेवढी गाळली आणि कोतवालाकरवी दवंडी पिटवली. गावानं भराभर शाळू कापला. माझे थोरले बंधू दिगंबरदादा शेती पाहत, त्यांनी तर हिरवट कणसंसुद्धा आडवी केली. नंतर आभाळ असं निवळलं की बघत राहावं. दाणा चिमला. घरात वहिनी माझ्याशीही बोलेनाशा झाल्या, जणू वाऱ्याची दिशा मी बदलली होती.

बाईंनी सरपंचांकडे दुसरी दवंडी मागितली, अंदाज चुकला असं सांगणारी. चुकल्याची दवंडी कुणी देत नसतं, असं म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली. मग आठवडी बाजाराच्या दिवशी बाई स्वतःच भर बाजारात उभ्या राहिल्या. इथं एक सांगायला हवं. बाई याच गावच्या आणि त्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या गावाची दवंडी होती. धम्म स्वीकारल्यावर त्यांच्या वडिलांनी ते काम कायमचं टाकलं आणि गवंडीकाम धरलं. ते म्हातारे गृहस्थ त्या दिवशी बाजारात होते. लेकीला उभी पाहून ते पुढे आले. "आपण हे टाकून दिलं, अन् तू आपणहून वरडायला उभी राह्यली?"

"बाबा, तुम्ही दुसऱ्याचा हुकूम वरडत होता," बाई म्हणाल्या. "ह्यो माझा शब्द हाय."

मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं की गारा पडतील असं मी म्हणाले होते, त्या पडल्या न्हाईत, चूक माझी, कोतवालाची न्हाई अन् वाऱ्याची बी न्हाई. बाजार पुन्हा आपल्या मोलभावाला लागला. म्हातारबुवा मात्र लेकीशेजारी उभे राहिले ते बाजार उठेपर्यंत.

ज्यांनी कच्चा शाळू कापला त्यांच्या घरीही बाई गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा वहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी बाईंना हाताला धरून चुलीपुढे बसवलं आणि चिमलेल्या दाण्याची भाकरी पुढ्यात ठेवून खाऊन बघा म्हणाल्या. रागाच्या भरात वहिनींना शिवाशीव काही सुचली नाही. आमच्या स्वयंपाकघरात असं आधी घडलं नव्हतं, हे सांगताना मला आजही लाज वाटते. राग ओसरेपर्यंत बाईंची दुसरी भाकरी चालू होती, आणि पुढे बाई आल्या की त्या चुलीपुढेच बसू लागल्या.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा तीच लक्षणं दिसली. शाळेच्या व्हरांड्यात बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या आणि मीही त्यांच्यामागून चालत होतो. मी स्पष्ट म्हणालो की या खेपेला गप्प राहा. पुन्हा चुकलात तर गावात तोंड दाखवता येणार नाही आणि तुमचं कुणी कधी ऐकणार नाही. त्या थांबल्या.

"सर, गप्प राहिले तर मी कधीच चुकणार न्हाई. मंग हवा बघायची तरी कशाला?"

या खेपेला त्यांनी सरपंचांना मध्ये घेतलं नाही. बाजारात जाऊन स्वतःच सांगितलं: गारा पडतील असं वाटतं, मागच्यासारखी चूकही होऊ शकते, पिकलेला शाळू आत आणा, कच्चा कापू नका. लोक हसले. पण बरेच जण विळे घेऊन रानात गेले. दादांनी पिकलेला अर्धा कापून घरात घेतला आणि कच्चा अर्धा तसाच ठेवला.

गारा पडल्या. दुपारी वारा एकदम वायव्येला फिरला, रान पांढरं झालं आणि दादांचा उभा राहिलेला शाळू मातीत मिळाला. पाऊस थांबताच बाई चिखल तुडवत आमच्या रानात आल्या. त्यांचे डोळे भरले होते. कच्चाही कापा म्हणायला हवं होतं, माझंच चुकलं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. दादा आडव्या पिकात उभे होते. एरवी ते फारसे बोलत नसत.

"बाई, मागल्या साली समदं कापलं तव्हा बी तुमचंच चुकलं. औंदा अर्धं ठिवलं तव्हा बी तुमचंच. आभाळाकडं काय तरी ठिवा की," ते म्हणाले. "पुढच्या बारीला सांगायचं मात्र बंद करू नका. अर्धं घरात हाय, ते तुमच्यामुळं."

बाईंनी सांगायचं बंद केलं नाही. आभाळाकडे मात्र त्यांनी कधी काही ठेवलंही नाही. आज त्या जालन्यात राहतात. घराघरात हवामानाचे नकाशे दिसू लागले आहेत, तरी फाल्गुन लागला की त्यांचा मला फोन येतो, तुमच्याकडे वारा कुठला. मी अंदाजानं उत्तर दिलं की त्यांना लगेच कळतं आणि मला अंगणात जावंच लागतं.

बाईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांची नजर अशीच दूरवर पोचत राहो, आणि त्यांची शंभरी पाहायला आम्हालाही मिळो. मनःशांती तेवढी मी त्यांच्यासाठी मागणार नाही. त्या शांत बसल्या तर आमच्यासाठी काळजी कोण करणार?